पावसाळ्यात बघितलेली हवा

घर बघायचं तर पावसाळ्यात बघावं, अशी आमच्या कोकणातली रीत आहे. उन्हाळ्यात कुठलंही घर देखणंच दिसतं. आषाढ-श्रावणात मात्र भिंत कुठे ओल धरते, छप्पर कुठे गळतं, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, ते आपोआप कळतं. दुसरी रीत अशी, की घर वाऱ्याच्या आडोशाला असावं, म्हणजे वादळात आपले पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडत नाहीत. या दोन्ही रीती मी मोठ्या ऐटीत मुंबईला घेऊन गेले आणि त्यांच्या पायी माझ्या सख्ख्या बहिणीला हॉस्पिटल दाखवून आले. ती चूक निस्तरायला डिसेंबरात मी पुन्हा गेले, त्या सहा दिवसांची ही हकिगत.

मी सुमन. कणकवलीजवळच्या एका गावात बत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन घाटकोपरला गेली ती तिथलीच झाली. भावोजी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी केली, आणि आता नाहीत. डोंगराच्या उतारावरच्या चाळीत ताईची खोली होती. गेल्या वर्षी चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं. टॉवर होईपर्यंत भाड्यानं राहायचं होतं आणि ताईला जुना दमा. तेव्हा तिच्या मुलानं, प्रशांतनं, मला फोन केला. "मावशी, तूच ये ना. जिथं हवा चांगली असेल तिथं घर घेऊ. तुला कळतं यातलं."

मला कळतं, असं मलाही वाटत होतं.

मुलुंड, श्रावण

श्रावणात मुंबईची उपनगरं माणसाला फसवतात. नैर्ऋत्येचा वारा सोसाट्यानं येतो, वाटेतला सगळा धूर, धूळ उचलून घाटापलीकडे नेऊन टाकतो, आणि जे काही मागं राहतं ते पाऊस धुऊन काढतो. मुलुंडच्या त्या घराच्या स्वयंपाकघरातून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसत होता, हिरवागार, अंगावर पाण्याच्या पाच-सहा धारा मिरवणारा. मी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला, पंख्याभोवतीचं छत निरखलं, मोरीत दोन बादल्या ओतून बघितल्या. ओलीचा ठिपका नाही. घरमालक कौतुकानं म्हणाला, "बाई, तुम्ही इंजिनियर आहात का?"

"भूगोल," मी म्हटलं.

मग मी सगळ्यांना खिडकीशी उभं करून धडा दिला. पश्चिमेला डोंगर आहे, म्हणजे समुद्रावरचं वारं थेट अंगावर येणार नाही. आडोसा मिळाला. वर जंगल आहे, म्हणजे हवा शुद्ध. ताईनं खिडकीतून भरभरून श्वास घेतला आणि म्हणाली, "गावच्यासारखो वारो आसा गो." झालं, ठरलं. वैशालीनं, म्हणजे ताईच्या सुनेनं, घावणे केले, नारळाचा रस केला, आणि मी गणपतीच्या तयारीसाठी गावी परतले. गाडीत माझी छाती फुगलेली होती.

मुलुंड, डिसेंबर

डिसेंबरात प्रशांतचा फोन आला. "मावशी, आईला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. आता घरी आणलंय." मग म्हणाला, "हवा झकास आहे म्हणाली होतीस ना तू." त्यानं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मिळेल त्या गाडीनं निघाले. कुर्ला टर्मिनसवर प्रशांत घ्यायला आला होता. रिक्षात त्यानं सांगितलं, की पुढच्या रविवारची दोन तिकिटं काढली आहेत. ताई माझ्याबरोबर गावी येणार.

"किती दिवसांसाठी?"

"बघू."

या 'बघू'चा अर्थ मला कळायला हवा होता. तो ताईनं घरी सांगितला. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, गळ्याची हाडं वर आलेली. वैशाली आत गेली तशी माझा हात धरून म्हणाली, "गावाक गेलेली म्हातारी परत येता कधी? आमच्या चाळीतली पार्वतीकाकू गेली, 'बघूया' म्हणान. तिचो फोटोच परत इलो." मग दम खाऊन म्हणाली, "माझो माणूस हय गेलो. माका नव्या इमारतीतली माझी खोली बघूची आसा. माका हयच ठेव, सुमा."

ताईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर डोंगर जागेवर नव्हता. समोरच्या इमारतीच्या मागं मातकट राखी रंगाचा एक थर उभा होता, आणि बऱ्याच वर, भलत्याच ठिकाणी, डोंगराचा माथा एकटाच तरंगत होता. धुकं म्हणावं तर घशात खवखव झाली. मी खिडकी लावली आणि कट्ट्याला टेकून उभी राहिले. वर्गात हेच मी आठवीच्या पोरांना शिकवलं होतं: एरवी जमिनीजवळची गरम हवा वर चढते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या सकाळी उलटं होतं. थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि तपेलीतली वाफ तपेलीतच राहते. शिकवताना उदाहरण दिल्लीचं द्यायची. मुंबईला समुद्र आहे, तिला काही होत नाही, असं मीच सांगत आले होते.

आणि तो आडोसा! पावसाळ्यातला सोसाट्याचा वारा डोंगर ओलांडून येत होता म्हणून तेव्हा कळलं नाही. हिवाळ्यातला समुद्राचा वारा मुळातच अशक्त. दुपारी तो निघतो, वाटेत सगळ्या पश्चिम उपनगरांचा धूर गोळा करतो, आणि डोंगर चढून पलीकडे येईपर्यंत त्याच्यात जीव उरत नाही. आमचं घर बरोब्बर त्या पलीकडे. कोकणात मी बहिणीला असं घर बघून दिलं असतं तर गावानं मला शहाणी म्हटलं असतं.

मी प्रशांतला म्हटलं, "रविवारपर्यंत मला वेळ दे. मी ताईला या उपनगरांत कुठे श्वास घेता येतो ते शोधते. सापडलं तर ती तिकिटं रद्द करायची."

"मावशी, आजारी बाईला घेऊन तू फिरणार कुठे?"

"डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर तू नाही म्हणू नको."

डॉक्टर हो म्हणाले, पण अटी घालून. रिक्षा-मेट्रोनं जायचं, दम्याचा पंप पर्समध्ये, मास्क तोंडावर, दमायचं नाही. आणि दम किती टिकतो हे घरच्या घरी बघायची एक साधी युक्तीही त्यांनी दिली: एका श्वासात आकडे म्हणायचे. जितके जास्त तितकं बरं. ताईला ते पसंत पडलं नाही.

"आकडे मोजूक मी काय बँकेत आसंय?"

मग तीच एकदम हसली. लहानपणी शाळेत ताई हुतूतू खेळायची. 'हुतूतू हुतूतू' करत पलीकडच्या अंगणात शिरली की चार पोरींना हात लावूनच परतायची. दम तुटायचा नाही. तेव्हा आकड्यांऐवजी हुतूतू म्हणायचं आणि मी मनगटावरच्या घड्याळात सेकंद बघायचे, असं ठरलं. त्या सकाळी मुलुंडच्या खिडकीशी तिचं हुतूतू अकरा सेकंदांत तुटलं.

घाटकोपर

पहिल्याच दिवशी जाऊ नये तिथं गेलो. ताईचा हट्ट होता. आपली जागा बघितल्याशिवाय ती दुसरी कुठलीही जागा बघायला तयार नव्हती.

चाळ उभी होती तिथं आता हिरव्या जाळीचा पडदा लावलेला आणि आत खड्डा. डंपर येत होते, जात होते. एक माणूस पाइपनं रस्त्यावर पाणी मारत होता. पाणी पडलं की पाच मिनिटं धूळ बसे, पुढचा डंपर आला की पुन्हा उठे. आजूबाजूला असेच आणखी तीन-चार पडदे. सगळ्या घाटकोपरनं एकाच वेळी घर बदलायला काढलंय, असं वाटत होतं. लोकांना घरं हवीत, ती काही हवेत बांधता येत नाहीत, हेही खरं. पण वारा पडलेल्या महिन्यांत ती सगळी माती जाणार कुठे? पावसाळ्यात हाच खड्डा चिखल झाला असता, चिखल छातीत जात नाही.

ताई जाळीच्या फटीतून आत बघत होती. "हय माझी खोली होती," ती म्हणाली. बोटानं हवेतच दार काढून दाखवलं. "हयसून तुझे भावोजी डबो घेवन जायत."

मी घड्याळ बघितलं, पण तिनं हुतूतू सुरू केलं नाही. तिला खोकला आला, मग उबळ आली, आणि मी घाबरून तिच्या पर्समध्ये पंप शोधत राहिले. पर्समध्ये लवंगा, ओव्याची पुडी, जपमाळ, बसची जुनी तिकिटं; पंप माझ्याच हातात होता. रस्त्यावर पाणी मारणाऱ्या माणसानं पाइप खाली टाकून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तिला बसवलं, आणि मला दरडावलं, "मावशी, आजींना इथं कशाला आणलं? आम्हीच घरी जाऊन काळं थुंकतो." मला त्याचा राग आला नाही. माझाच आला. घरी परतताना रिक्षात मी ठरवलं, की यापुढे वाऱ्याची वेळ बघितल्याशिवाय ताईला दाराबाहेर काढायचं नाही.

वेसावे

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून मेट्रो पकडून आम्ही अंधेरी ओलांडून पार टोकाला गेलो आणि तिथून रिक्षानं वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळीवाड्यात. मुद्दाम साडेअकराला निघालो होतो. किनाऱ्यावर बांबूच्या लांबच लांब चौकटी उभ्या, आणि एक कोळीण, साठीची असेल, टोपलीतले बोंबील त्यांवर टांगत होती. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हात असे चालत होते की बघत राहावं.

मी विचारलं, "इतक्या उशिरा टांगता? आमच्याकडं मासे सकाळीच वाळत घालतात."

तिनं मला आपादमस्तक बघितलं. "सकालचा वारा मतलय, बाय. जमनीवरशी येतं. पयले आमची सासू फाटंफाटंच टांगायची. आता तवा टांगलं का बोंबलावर काला थर बसतं. कोन घेल? मी दर्याचा वारा सुटला काच टांगतंय."

मतलय! 'दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना खारे वारे म्हणतात, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना मतलई वारे म्हणतात.' फरक स्पष्ट करा, दोन गुण. बत्तीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं. पण कुणी तो शब्द मीठ-मिरचीसारखा सहज वापरताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आणि ही बाई त्याच्या पुढचं सांगत होती, जे कुठल्याही पुस्तकात मला दिसलं नव्हतं: की त्या वाऱ्यानं आता कामाची वेळ बदलली.

बाराच्या सुमारास पदर हलला. मग दोरीवरचे बोंबील सगळे एकदम पूर्वेकडे झुलले. ताईनं मास्क खाली केला, पाण्याकडे तोंड केलं आणि हुतूतू म्हणायला लागली. मी सेकंद मोजत होते आणि ती थांबेचना. बावीस! कोळीण टोपली सोडून बघत राहिली, आणि कळल्यावर खदखदून हसली. तिनं आम्हाला घरात नेलं, तव्यावर ताजे बोंबील टाकले, तांदळाची भाकरी दिली. आमच्याकडं बोंबील कोकमाच्या आगळात घालतात. तिचा मसाला असा झणझणीत, की माझ्या नाका-डोळ्यांतून पाणी आलं. ताई म्हणाली, "हिच्या जेवणानंच छाती मोकळी झाली."

मला वाटलं, सापडलं. मी लगेच विचारलं, इथं भाड्यानं खोली मिळेल का? कोळीण म्हणाली, मिळेल, पण आधी सकाळी सातला येऊन बघ.

तिनं सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच, ताईला न घेता, पहाटेची निघाले. समुद्र होता, पण दिसत नव्हता. रात्रभर जमिनीवरून निघालेला वारा सगळ्या शहराची काजळी ढकलत आणून इथं किनाऱ्यावर सोडून मेला होता. पाण्यावर तोच राखी थर. मला कळून चुकलं, की या शहराचा धूरसुद्धा पाळीत काम करतो: सकाळी पश्चिमेला हजेरी, दुपारनंतर पूर्वेला बदली. मुलुंडला जो संध्याकाळी भेटतो तोच सकाळी वेसाव्यात भेटतो. मी चप्पल काढून वाळूत उभी राहिले आणि समुद्राला चार शिव्या घातल्या. कोकणातल्या आहेत, इथं लिहीत नाही.

बोरीवली

तरी मी हरायला तयार नव्हते. बोरीवलीला अविनाश राहतो, माझा जुना विद्यार्थी. नववीत दोनदा बसला, पण हात हुशार. आता तो एसी दुरुस्त करतो, अंधेरीपासून दहिसरपर्यंत घराघरात जातो. त्याची सोसायटी राष्ट्रीय उद्यानाला जवळजवळ चिकटून आहे. तिथली हवा चांगली असणार, ही माझी शेवटची आशा. शुक्रवारी मी ताईला घेऊन त्याच्याकडे मुक्कामालाच गेले. त्याच्या शेजारच्या गुजराती काकूंनी उंधियो पाठवला. वालपापडी, कंद, वर तेलाचा तवंग. तो कोकणी जिभेला गोड लागतो, पण ताईनं दोनदा घेतला.

शनिवारी सकाळी आठला उद्यानाच्या फाटकाशी गेलो. इथं खरंच जरा बरं होतं. रात्री डोंगरावरून थंड हवा उतरते, ती झाडांतून येते. ताईनं हुतूतू सुरू केलं. तेवढ्यात शेजारच्या गोलात हात वर करून हसणारे हास्यक्लबवाले आमच्याकडे बघायला लागले. एक पांढऱ्या बुटातले गृहस्थ पुढं आले, म्हणाले, "नवीन प्रकार आहे का? व्हेरी गुड!" आणि बघता बघता वीसेक माणसं टाळ्या वाजवत 'हुतूतू हुतूतू' करायला लागली. ताईला हसू आवरेना, दम गेला, माझं मोजणं वाया गेलं. मला मात्र हसू येईना. मी त्यांना म्हटलं, "अहो, आठ वाजलेत. या महिन्यांत हवेची सगळ्यात वाईट वेळ हीच. झाकण पडलंय वर. दुपारी या."

"दुपारी आम्ही झोपतो," पांढऱ्या बुटांनी शांतपणे सांगितलं. हास्यक्लब पुन्हा हसायला लागला.

दुसऱ्यांदा मोजलं, सोळा. मुलुंडपेक्षा बरं, वेसाव्याच्या दुपारपेक्षा कमी. पण तासाभरात हायवे जागा झाला, आणि साडेनऊला पुन्हा मोजलं तर बारा. घरी चहा घेताना मी अविनाशला म्हटलं, "तू सगळीकडे फिरतोस. खरं सांग, यातल्या त्यात हवा कुठं चांगली?"

तो हसला. "बाई, मी फिल्टर धुतो ना. जून ते सप्टेंबर फिल्टर नुसता नळाखाली धरला तरी साफ. बुरशी येते, काळं येत नाही. नवरात्र संपलं की वाट लागली. दिवाळीनंतर ब्रशनं घासावं लागतं. अंधेरी घ्या, कांदिवली घ्या, इथं जंगलाला लागून घ्या. एरिया बदलतो यार, रंग तोच." मग जरा ओशाळून म्हणाला, "सॉरी हं, बाईंना यार म्हटलं."

"म्हण. पुढं बोल."

"तुम्ही शिकवलं होतं ना, रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो? ते मला अजून पाठ आहे. पण जाताना तो काय काय उचलून नेतो, ते तुम्ही नव्हतं शिकवलं."

नववीत दोनदा बसलेल्या पोरानं मला नापास केलं. पाच दिवस मी जागा शोधत होते. जागेत उत्तर नव्हतंच. ते महिन्यांत होतं आणि तासांत होतं. पावसाळा संपून नैर्ऋत्येचा वारा परत फिरला, की या शहराच्या डोक्यावर झाकण पडतं. शिमग्याच्या सुमाराला ऊन तापतं, दुपारचा वारा लवकर सुटायला लागतो, तेव्हा ते हलतं. मधले महिने काढायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

पुन्हा मुलुंड

शनिवारी दुपारी परत आलो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले असताना मी सगळं सांगितलं. चूक माझी होती हेही सांगितलं. पावसाळ्यात मी गळती बघितली, हवा बघितली नाही, आणि आडोशाला चांगलं म्हणून बसले. प्रशांतनं मान हलवली. त्याला बाकीचं ऐकायचं नव्हतं. "म्हणजे गावालाच न्यायचं ना? तेच तर मी म्हणत होतो."

ताई इतका वेळ भातावर आमटी ओतत होती. वाटी खाली ठेवून म्हणाली, "मी जातंय."

पाच दिवस मी जिच्यासाठी पायपीट केली तीच म्हणत होती जातंय.

"पण आधी माझो परतीचो तिकीट काढ," ती प्रशांतला म्हणाली. "आत्ता. माझ्या समोर."

"आई, काढू ना. आधी तू बरी तर हो. मग बघू."

"बघू नाय. काढ."

प्रशांतनं फोन हातात घेतला, काहीतरी केलं, आणि सुटल्यासारखा म्हणाला, "शिमग्याचं मिळत नाही आई. साठ दिवस आधीच आरक्षण उघडतं. त्याच्या पुढचं काढताच येत नाही."

"मगे साठाव्या दिवसाचो काढ."

मी प्रशांतकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा कळलं, की तोही घाबरलेला होता. ऑक्सिजनच्या त्या दोन रात्री तो एकटाच खुर्चीवर बसून होता. आईला दूर ठेवलं की ती मरणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. मी म्हटलं, "बाळा, फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचा वारा सुटायला लागतो. सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या, बारानंतर उघडायच्या, हे तिला आता माझ्यापेक्षा चांगलं कळतं. दरवर्षी दिवाळीनंतर ती माझ्याकडे येईल आणि वारा फिरला की परत. चाकरमानी गणपतीला गावी जातात, ती थंडीत जाईल. तिला घालवून देऊ नको, पाठव."

वैशालीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि तिकीट काढलं. ताईनं चष्मा लावून तारीख, गाडी, डबा, सगळं मोठ्यानं वाचलं. मग ती उरलेला भात जेवली.

गावी

रविवारच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. स्टेशनवर उतरताच मी मिरवायला लागले. बघ, इथली हवा. बघ, आकाश कसं निळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला अंगणात खुर्ची टाकून बसवलं आणि तिच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलं. आमच्याकडं न्हाणीघराच्या बाहेर चूल आहे, वर तांब्याचा हंडा. सुकी झावळं, नारळाची सोडणं, काल गोळा केलेला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, काय मिळेल ते त्यात सारायचं. माझ्या आईनं तसंच पाणी तापवलं, मीही तसंच. शेजारच्या अंगणातही पातेऱ्याचा ढीग पेटला होता, त्याच्या पलीकडेही एक. वारा नव्हता. निळसर धूर केळींच्या पानांखाली सपाट पसरला होता, वर जात नव्हता.

ताईला ठसका लागला. पहिला, मग दुसरा. मी पाठ चोळायला धावले.

तिनं पदर नाकाशी धरला आणि डोळे पुसत विचारलं, "सुमा, ह्यो धूर खंयसून येता?"

हंडा उचलता येईना म्हणून तांब्यानं पाणी काढून चुलीत ओतत राहिले, निखारा विझेपर्यंत. राख पायांवर उडाली. त्या दिवशी ताईसाठी गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं आणि मी गार पाण्यानं आंघोळ केली. तेव्हापासून ती चूल पेटलेली नाही. पण वाडीत चौदा घरं आहेत, आणि प्रत्येक घरात माझे एक-दोन विद्यार्थी आहेत. रोज सकाळी सहाला मी दारोदार जाते आणि सांगते, पातेरा जाळू नका, खड्ड्यात कुजवा. पोरं 'हो बाई' म्हणतात आणि माझी पाठ वळली की काडी ओढतात. कालपर्यंत तीन घरांनी ऐकलं. उरलेल्या अकरा घरी मी उद्याही जाणार आहे.